शिरोड्याचं मीठ, आंबोलीचं पाणी

मित्रांनो, एक साधा प्रश्न. भाताच्या आधणात मीठ घातलं, तर पाणी लवकर उकळतं की उशिरा? आधी मनाशी उत्तर ठरवा आणि मगच पुढे वाचा. घरात आई-बाबा, आजी यांनाही विचारून ठेवा. बहुतेक घरांत दोन पक्ष पडतील, बघाच!

आमच्याकडेही पडले. उन्हाळ्याच्या सुटीत भाची आणि भाचा यांना घेऊन मी कोकणात निघालो होतो. भाची आठवीत, भाचा पाचवीत. कोकण रेल्वेच्या गाडीत डबा उघडला आणि भातावरून विषय निघाला. भाचा म्हणाला, "मीठ घातलं की पाणी पटकन उकळतं. मी स्वतः पाहिलंय. चमचाभर मीठ टाकलं की पाणी एकदम फसफसून वर येतं." भाची म्हणाली, "चूक! मिठानं उत्कलनबिंदू वाढतो. म्हणजे पाणी उशिरा उकळतं. पुस्तकात आहे." चिपळूण गेलं, रत्नागिरी गेली, तरी वाद संपेना. शेवटी पैज लागली. हरेल त्यानं रात्रीची भांडी घासायची!

माझ्या पिशवीत एक वस्तू होती. ओळखीच्या शिक्षकांकडून मागून आणलेला, प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर. आणि आम्ही चाललो होतो तो सिंधुदुर्ग जिल्हा तर असा, की तिथं एका टोकाला समुद्रकाठची मिठागरं आणि दुसऱ्या टोकाला घाटमाथ्यावरची आंबोली. उकळत्या पाण्याचा वाद मिटवायला याहून चांगली जागा कुठली?

आधी शिरोडा

सावंतवाडी स्टेशनवर उतरलो. तिथून मळेवाड, आजगाव करत शिरोड्याला पोचलो. वेंगुर्ले तालुक्यातलं हे गाव. माडांची दाटी, सुरूचं बन, लांबलचक पुळण आणि पलीकडे निळा समुद्र. शेजारच्याच आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. या उंचपुऱ्या देवाला लोक नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. दक्षिणेला थोडं गेलं की रेडी आणि तेरेखोलची खाडी. खाडीपलीकडे गोवा.

मराठी वाचणाऱ्याला शिरोडा आणखी एका कारणानं ठाऊक असतं. लेखक वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं इथल्या शाळेत शिक्षक होते. आणि याच गावानं १९३० साली मिठाचा सत्याग्रह पाहिला. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला चिमूटभर मीठ उचललं आणि मे महिन्यात महाराष्ट्रभरातले सत्याग्रही शिरोड्याच्या मिठागरांवर जमले. मीठ उचलायचं, लाठ्या खायच्या, तुरुंगात जायचं. मिठावर परक्या सरकारचा कर होता आणि मीठ तर गरिबातल्या गरिबाच्याही भाकरीला लागतं. म्हणून ही लढाई मिठाची.

ती मिठागरं पाहायला आम्ही सकाळी लवकर निघालो. उन्हं तापली की तिथं उभं राहवत नाही.

पाण्याची शेती

मिठागर म्हणजे पाण्याची शेतीच म्हणा ना! लांबून भातखाचरांसारखे चौकोनी वाफे दिसतात, पण त्यांत रोपं नाहीत, पाणी. मातीचे बुटके बांध. भरतीला खाडीचं खारं पाणी आत घेतात. हे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं हळूहळू पुढे सरकतं. प्रत्येक वाफ्यात ऊन आणि वारा त्यातलं थोडं पाणी उडवून नेतात आणि उरलेलं पाणी आणखी खारट होतं. शेवटचे वाफे तुडवून, चोपून सारवलेल्या अंगणासारखे घट्ट केलेले असतात. मीठ पिकतं ते तिथं.

आता आकडे ऐका. समुद्राच्या एक लीटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला बराचसा भाग आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. दहा लीटर पाणी आटून जेमतेम एक लीटर उरलं की मगच मिठाचे खडे धरायला लागतात! म्हणजे दहातले नऊ भाग पाणी आधी हवेत जायला हवं.

मिठागरात एक आजोबा फावड्यानं मीठ ओढत होते. पाय उघडे, टाचा भेगाळलेल्या. मुलांना बघून ते थांबले. भाच्यानं विचारलं, "आजोबा, एवढे दिवस वाट कशाला बघायची? मोठ्या कढईत पाणी उकळलं तर लगेच मीठ मिळेल की!"

आजोबा हसले. "लाकडा कशाक जाळूची रे झिला? वरती सूर्य आसा मा!"

गंमत म्हणजे १९३०च्या त्या दिवसांत मुंबईत आणि इतर कितीतरी ठिकाणी लोकांनी खरोखरच समुद्राचं पाणी कढयांत उकळून मीठ केलं होतं. कायदा मोडण्यासाठी ते ठीक. पण रोजच्या मिठासाठी? चला, हिशेब करू. एक किलो मिठासाठी समुद्राचं तीस-पस्तीस लीटर पाणी आटवावं लागतं. चुलीतली सगळीच्या सगळी उष्णता पाण्याला मिळाली असं धरलं, तरी त्याला पाच-सहा किलो सुकं लाकूड लागेल. खऱ्या चुलीतली बरीच उष्णता तर इकडेतिकडे जाते, म्हणजे लाकूड त्याच्या कितीतरी पट. किलोभर मिठासाठी भाराभर सरपण! तेवढंच काम इथं ऊन करतं, फुकट.

पण आजोबांनी पुढे जे सांगितलं, ते आमच्या पैजेच्या कामाचं निघालं. ते म्हणाले, "पैल्या वाफ्यातला पाणी भराभर सुकता. शेवटच्या वाफ्यातला हट्टी. सुकता सुकणा नाय!"

ऊन तेच, वारा तोच, वाफेही शेजारी-शेजारी. मग शेवटचं पाणी हट्टी का? हा प्रश्न वहीत लिहून घेतला. आजोबांच्या परवानगीनं शेवटच्या वाफ्यातलं पाणी एका बाटलीत भरलं, दुसरीत समुद्राचं पाणी घेतलं आणि आम्ही मुक्कामी परतलो.

टोपात थर्मामीटर

ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकूंनी परसात एक छोटा गॅस आणि टोप दिला. (मुलांनो, पुढचे प्रयोग एकट्यानं करायचे नाहीत. घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच.)

पहिला टोप विहिरीच्या गोड्या पाण्याचा. थर्मामीटर पाण्यात बुडवला, पण बुडाला टेकू दिला नाही. बूड पाण्याहून जास्त तापलेलं असतं, तिथं आकडा खोटा येतो. पारा चढत गेला, ९० झाले, ९५ झाले. पाणी खळखळून उकळायला लागलं आणि पारा १००वर थांबला. गॅस मोठा केला. पाणी जास्त जोरानं खळखळलं, पण पारा १००लाच! हे लक्षात ठेवा. पाणी एकदा उकळायला लागलं की जाळ वाढवून ते आणखी गरम होत नाही, फक्त लवकर आटतं. मग उगाच गॅस कशाला जाळायचा? आईला हे जरूर सांगा.

आता पैजेचा क्षण. लीटरभर उकळत्या पाण्यात भाच्यानं चमचाभर मीठ टाकलं आणि काय! पाणी फस्सकन वर आलं. "बघा! बघा! उकळलं!" त्यानं नाचायलाच सुरुवात केली. भाचीचं तोंड एवढंसं झालं.

"आता पाऱ्याकडे बघा," मी म्हणालो.

पारा किंचित खाली आला होता. थोड्या वेळानं तो पुन्हा १००वर येऊन थांबला.

मग ते फसफसणं कसलं? पाण्यात वाफेचा बुडबुडा तयार व्हायला एखादा आधार लागतो. खरबरीत कोपरा, भांड्यावरचा चरा, धुळीचा कण. मिठाचे शेकडो दाणे एकदम पडले की बुडबुड्यांना शेकडो आधार मिळतात आणि आधीच तापून तयार असलेलं पाणी एकदम फसफसतं. त्यात मिठाच्या खारटपणाचा काही संबंध नाही. दाणे विरघळले की खेळ खलास.

"म्हणजे मी जिंकले!" भाची ओरडली.

"थांब. तुझा उत्कलनबिंदू वाढलेला दिसतोय का पाऱ्यावर?"

दिसत नव्हता. पुस्तक तर खोटं बोलत नाही, मग हे काय? हिशेब असा आहे. एक लीटर पाण्यात साधारण ६० ग्रॅम मीठ घातलं, तर उत्कलनबिंदू एका अंशानं वाढतो. चमचाभर मीठ म्हणजे सहा ग्रॅम. म्हणजे वाढ झाली एका अंशाच्या दहाव्या हिश्शाएवढी. आमच्या थर्मामीटरवर एकेका अंशाच्या खुणा. त्यावर ती दिसणार कशी? भाताच्या आधणात मीठ घातल्यानं पाणी लवकर उकळत नाही आणि उशिराही उकळतं म्हणण्यात अर्थ नाही. मीठ घालायचं ते चवीसाठी.

मग पैज? दोघांनाही निम्मी निम्मी भांडी! पण भाची काही गप्प बसणारी नव्हती. तिनं बाटल्यांकडे बोट दाखवलं.

समुद्राचं पाणी टोपात ओतलं. उकळल्यावर पारा १००च्या खुणेहून अगदी थोडा, साधारण अर्धा अंश वर थांबला. डोळे बारीक करून बघावं लागलं, पण तिघांनाही दिसलं.

मग टोप धुऊन मिठागराच्या शेवटच्या वाफ्यातलं पाणी ओतलं. १०० आले, गेले. पाणी शांतच. १०२, १०४, १०६... भाचा पाऱ्याला डोळे लावून बसला. १०८च्या आसपास पारा गेला तेव्हा कुठं पाणी खळखळायला लागलं आणि थोड्याच वेळात टोपाच्या कडांना पांढरी कड धरली. मीठ! पाण्यात मावेल तेवढं मीठ विरघळलेलं असलं, तर ते असं १०८-१०९ अंशांना उकळतं. साधं पाणी ज्या तापमानाला जोरजोरात उकळत असतं, त्या तापमानाला हे पाणी ढिम्म हलत नाही.

पाण्याची वाट कोण अडवतं?

आता आजोबांच्या हट्टी पाण्याकडे वळू.

पाणी म्हणजे असंख्य रेणूंची गर्दी. हे रेणू सारखे धावत असतात. पृष्ठभागाजवळचा एखादा जोरात असेल तर तो सुटून हवेत जातो. यालाच आपण पाणी सुकलं म्हणतो. पाणी तापलं की सुटणारे रेणू वाढतात, वाफेचा जोर वाढतो. हा जोर जेव्हा बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो, तेव्हा पाण्याच्या पोटातही वाफेचे बुडबुडे टिकून वर येऊ शकतात. तेच उकळणं.

यात मीठ विरघळलं की त्याचे दोन प्रकारचे कण होतात, सोडियमचे आणि क्लोरिनचे. दोन्ही विद्युतभारित. पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती कोंडाळं करतात. शाळा सुटलीय, पण फाटकाजवळ आवळेवाल्या आजी बसल्यात अशी कल्पना करा. त्यांच्याभोवती घोळका जमतो आणि बाहेर पडणाऱ्या मुलांची संख्या कमी होते. मीठ तसंच करतं. ते स्वतः वाफ होऊन जात नाही आणि पाण्यालाही सहजी जाऊ देत नाही. वाफेचा जोर कमी पडतो. तो हवेच्या दाबाइतका करायचा तर पाणी आणखी तापवायला हवं. म्हणून उत्कलनबिंदू वर जातो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा राउल्ट यांनी १८८०च्या दशकात अशा द्रावणांच्या वाफेचा दाब काळजीपूर्वक मोजला आणि त्याचा नियम मांडला. अशा द्रावणांचे नियम शोधण्यासाठी हॉलंडच्या व्हान्ट हॉफ यांना १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या हिशेबात मुख्य गोष्ट आहे विरघळलेल्या कणांची संख्या. साखरेचा एक रेणू म्हणजे एकच कण, आणि तोही मिठाच्या मानानं खूप जड. म्हणून तेवढ्याच वजनाच्या साखरेनं उत्कलनबिंदू खूप कमी वाढतो. पण साखर पाण्यात विरघळते तरी किती! कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उसाचा रस आटत आटत गुळाला येतो, तेव्हा काहिलीतलं तापमान ११५ अंशांच्या वर गेलेलं असतं. पाकाचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट का, हे आलं ना लक्षात? दिवाळीत पाकाच्या पातेल्यापासून लांबच राहा.

आजोबांचं शेवटच्या वाफ्यातलं पाणी हट्टी होतं त्याचं कारण हेच. चुलीवर असो की उन्हात, मीठ पाण्याची वाट अडवतं. मिठानं पुरतं भरलेल्या पाण्याच्या वाफेचा जोर त्याच तापमानाच्या गोड्या पाण्याच्या पाऊणपटच असतो. म्हणून हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की असं पाणी सुकायचंच थांबतं. उलट तेच हवेतली वाफ ओढून घेऊ लागतं! दिवसा ऊन त्याला तापवतं म्हणून काम पुढे सरकतं. पण दमट रात्री, ढगाळ दिवशी सगळं अडतं.

आणि मग वेळेच्या आधी येणारा पाऊस. आजोबा म्हणाले होते, "पाऊस इलो की सगळा संपला." मे महिन्यात वळवाची एक जोरदार सर आली, की आठवडेच्या आठवडे उन्हात पिकवलेलं पाणी पुन्हा पातळ होतं, वाफ्यातलं मीठ विरघळून जातं. त्या माणसांची वर्षाची कमाई या चार-पाच महिन्यांच्या उन्हावर उभी असते. पुस्तकात 'उत्कलनबिंदूतील वाढ' म्हणून दोन ओळींत संपणारी गोष्ट इथं माणसाला दिवसच्या दिवस आभाळाकडे बघायला लावते.

आता चला आंबोलीला

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीहून दाणोलीमार्गे आंबोलीचा घाट चढलो. वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे दाट रान. कानात दडे बसायला लागले. "मामा, कान बंद झाले!" भाचा म्हणाला. बरोबरच आहे. वर जावं तशी डोक्यावरची हवा कमी होते, हवेचा दाब घटतो आणि कानाला ते आधी कळतं.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. हिरण्यकेशी नदीचा उगम इथलाच. महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस पडतो अशा ठिकाणांत आंबोलीचं नाव येतंच. पण मे महिन्यात हवा छान होती आणि जाळ्यांवर काळी करवंदं लगडली होती. पोटभर करवंदं खाऊन झाल्यावर टोप काढला.

गोडं पाणी, तोच थर्मामीटर. पाणी खळखळायला लागलं आणि पारा थांबला ९८च्या जरासा खाली! गॅस मोठा केला, तरी तिथंच.

कोडं सोपं आहे. इथं हवेचा दाब कमी, म्हणून वाफेला तेवढा जोर करावा लागत नाही. पाणी लवकर उकळतं. साधारण ३०० मीटर चढलं की एक अंश कमी, असा अंदाज धरा. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांना उकळतं आणि तिबेटातल्या ल्हासाला, सुमारे ३६५० मीटरवर, ८८च्या आसपास. पाणी लवकर उकळतं म्हणजे डाळ लवकर शिजते असं नाही हं! पाणी कमी गरम असतं, म्हणून डाळीला उलट जास्त वेळ लागतो.

भाचीचे डोळे चमकले. "मामा, मग इथं मीठ घालून पाणी परत १००वर आणता येईल!"

शाबास! येईल. किती मीठ लागेल? सव्वादोन अंश वाढवायचे. अंशाला ६० ग्रॅम धरले तर लीटरमागे जवळजवळ १४० ग्रॅम. म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या चौपट खारट! भात शिजेल, पण खाणार कोण?

यापेक्षा आपला कुकर बरा. घट्ट झाकण लावून तो वाफ कोंडतो, आतला दाब वाढवतो आणि पाण्याला १२० अंशांच्या आसपास नेतो. चमचाभर मिठानं एका अंशाचा दहावा हिस्सा, मावेल तेवढ्या मिठानं आठ-नऊ अंश आणि कुकरनं वीस. आता सांगा, डाळ शिजवायला कोण उपयोगी?

डोंगराची उंची मोजणारं पाणी

आंबोलीच्या त्या टोपावरून मुलांना एक खरी गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो.

पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून जागेची उंची काढता येते. कुमाऊंमधले नैनसिंग रावत १८६५-६६ साली वेश बदलून तिबेटात गेले. परक्यांना तिथं बंदी होती. त्यांच्या जपमाळेत १०८ऐवजी १०० मणी होते, पावलं मोजण्यासाठी. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. आणि सोबत लपवलेला थर्मामीटर. पाणी उकळायचं, आकडा बघायचा आणि त्यावरून उंची काढायची. ल्हासाची उंची त्यांनी अशीच काढली.

भाचीनं लगेच विचारलं, "पण पाणी खारट असेल तर? तिबेटात खाऱ्या पाण्याची सरोवरं आहेत ना?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. समुद्राच्या पाण्याएवढं खारट पाणी घेतलं तर उत्कलनबिंदू अर्ध्या अंशाहून थोडा जास्त वाढेल आणि डोंगर दीडेकशे मीटरनी बुटका ठरेल! यावर उपाय आहे. उंची मोजण्याच्या खास उपकरणात थर्मामीटर पाण्यात बुडवत नाहीत, वाफेत धरतात. खाऱ्या पाण्याची वाफ थर्मामीटरच्या फुग्यावर जमते ती निव्वळ पाणी म्हणून. मीठ खालीच राहतं. त्यामुळे थर्मामीटर त्या ठिकाणच्या शुद्ध पाण्याचाच उत्कलनबिंदू दाखवतो.

खरं की काय? आम्ही लगेच करून पाहिलं. टोपात चांगलं खारट पाणी उकळत ठेवलं. थर्मामीटर पाण्यात असताना पारा वर, बाहेर काढून वाफेत धरला की तो ९८च्या जरा खाली. मग वाफेवर एक थंड ताटली धरली. तिच्यावर जमलेले थेंब निवू दिले आणि भाच्यानं चाखले. "गोड आहे!" समुद्र खारा असूनही त्यावरून येणारा आंबोलीचा पाऊस गोडा का, याचं उत्तर त्या ताटलीवर होतं.

पावसाळ्यात घरी करा

आंबोली-शिरोड्याला जाणं सगळ्यांना जमेल असं नाही. पण याच गोष्टीचा एक भाग तुमच्या स्वयंपाकघरात आपोआप घडतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना? आजी बरणीत तांदळाचे चार दाणे टाकून ठेवते. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतली वाफ ओढतं आणि ओलं होतं. शेवटच्या वाफ्यातलं हट्टी पाणी आणि बरणीतलं ओलं मीठ यांचं कारण एकच.

एक बशी बारीक पाकीटबंद मिठाची आणि एक बशी मिठागरातल्या जाड्या खडेमिठाची, अशा दोन बशा जूनमध्ये खिडकीत ठेवा. पाऊस आत येणार नाही इतकं बघा. रोज सकाळ-संध्याकाळ दोन्हींकडे पाहून वहीत नोंद करा. बहुधा खडेमीठ आधी ओलं होईल. त्यात मॅग्नेशियमचे थोडे क्षार उरलेले असतात आणि ते सोडियम क्लोराइडहूनही हावरट! कोरड्या हवेच्या दिवशी बशी पुन्हा सुकते का, तेही लिहा.

आणि कोकणात गेलात तर मिठागर जरूर पाहा. किनाऱ्यावरची मिठागरं कमी होत चालली आहेत. सकाळी लवकर जा, बांधावरूनच चाला, वाफ्यात पाय घालू नका आणि फोटो काढण्याआधी काम करणाऱ्या माणसांना विचारा. आम्ही निघालो तेव्हा आजोबांनी मूठभर खडेमीठ कागदात बांधून दिलं. बाजारच्या मिठाइतकं पांढरंशुभ्र नव्हतं ते. पण समुद्राचं पाणी, कितीतरी दिवसांचं ऊन आणि एका म्हाताऱ्या माणसाची मेहनत त्यात होती. भाचीनं ती पुडी दप्तरात जपून ठेवली. शाळा सुरू झाल्यावर विज्ञानाच्या बाईंना दाखवायला!